कांद्याच्या काट्यावर पैलवान

गेल्या वर्षी आमच्या जत्रेच्या कुस्तीच्या मैदानात एक पोरगं मानेवर पडलं. सतरा-अठराचं असेल. समोरच्यानं ढाकेचा डाव मारला, ह्याला हात टेकायला सवड मिळाली नाही आणि डोकंच आधी मातीत गेलं. मी माइकच्या टेबलापाशी बसलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांदेखत झालं. चौघं धावले. दोघांनी बगलेत हात घालून त्याला उभं केलं, एकानं तोंडावर तांब्याभर पाणी मारलं आणि एका जाणत्या माणसानं त्याची मान दोन्ही हातांत धरून कट्‌ वाजेपर्यंत ओढली. पोराचा डावा हात तीन दिवस बधिर होता. पुढे बरा झाला, ही सिद्धरामेश्वरांची कृपा. हलगी मात्र मिनिटभरसुद्धा थांबली नव्हती.

गाव सोलापूरपासून वीसेक किलोमीटर, अक्कलकोट रस्त्याला. मी सोलापुरात एका पतसंस्थेत नोकरीला. त्यामुळे जत्रा कमिटीत अर्ज, पावती, हिशेब असलं काहीही निघालं की ते माझ्या गळ्यात. यंदाच्या बैठकीत मीच म्हणालो, कुस्त्या लावायच्या तर रीतसर लावू, नाहीतर माझं नाव काढा. सगळे लगेच हो म्हणाले. तिथंच मला संशय यायला हवा होता.

माझी समजूत अशी की कुस्ती, बॉक्सिंग, कराटे असल्या हातघाईच्या खेळांना कुठंतरी एक खातं असेल, त्याचा एक फॉर्म असेल, तो भरला की झालं. वर्गमित्र वकील आहे, त्याला कोर्टासमोरच्या कँटीनमध्ये गाठलं. तो हसला. म्हणाला, "घटनेच्या राज्यसूचीत 33 नंबरची नोंद बघ. नाटक, सिनेमा, खेळ आणि करमणूक, सगळी एकाच ओळीत. म्हणजे विषय राज्याचा. आणि राज्यात तुला कोण विचारणार? महाराष्ट्र पोलीस कायदा, 1951 चा. त्याचंही कलम 33, सार्वजनिक करमणुकीच्या जागांचं. ह्या दोन तेहतीसांच्या मधे तुमचा आखाडा." कमिटीतल्या एका तरुणानं ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं केलेल्या नव्या क्रीडा कायद्याचं नाव काढलं होतं, तेही विचारलं. तो कायदा राष्ट्रीय महासंघांच्या कारभाराचा, त्यांच्या निवडणुकांचा आणि तंट्यांचा. आमच्या वेशीपर्यंत तो येत नाही.

मग मी माझा हुकमाचा एक्का काढला. पैलवानांकडून हमीपत्र लिहून घेऊ, जे होईल ते माझ्या जबाबदारीवर, म्हणजे कमिटी मोकळी. वकिलानं भज्याची प्लेट बाजूला सारली. भारतीय न्याय संहितेचं कलम 25 त्यानं मोबाइलवर दाखवलं. जुन्या 1860 च्या दंडसंहितेतलं कलम 87 तेच, उदाहरणसुद्धा तेच ठेवलंय: दोघं जण मौजेखातर तलवारबाजी खेळायचं ठरवतात, खेळाच्या नियमात राहून एकाला लागलं तर तो गुन्हा नाही. पण ही संमती 18 वर्षं पूर्ण झालेल्याचीच धरायची. आणि मरण किंवा जबर दुखापत होईल हे दिसत असेल, तर मोठ्या माणसाची संमतीही चालत नाही. "निष्काळजीपणानं कोण गेला तर कलम 106 आहे, पाच वर्षांपर्यंत. तुझा पाचशेचा स्टँप तिथं कामाला येत नाही." आमच्या मैदानात निम्मी पोरं अठराच्या आतली. चहा गार झाला.

बेंगळुरूची गोष्ट त्यानंच सांगितली. जुलै 2022 मध्ये तिथं किकबॉक्सिंगच्या सामन्यात म्हैसूरचा 23 वर्षांचा मुलगा ठोसा लागून कोसळला आणि काही दिवसांत गेला. रिंगपाशी उपचाराची सोय नव्हती, अशी घरच्यांची तक्रार होती. आयोजकावर गुन्हा दाखल झाला. सोलापूरहून बेंगळुरू म्हणजे काय परदेश नाही, रातच्या गाडीनं पोरं कामाला जातात तिकडं.

परदेशाचं म्हणाल तर माझा भाचा सिडनीला असतो, हौस म्हणून किकबॉक्सिंग करतो. त्याला फोन लावला. तिथं 2013 चा लढतीच्या खेळांचाच स्वतंत्र कायदा आहे. सरकारी नोंदणीशिवाय रिंगमध्ये पाय टाकता येत नाही, एचआयव्ही आणि काविळीच्या रक्ततपासण्या आधी द्याव्या लागतात, लढतीच्या आधीही डॉक्टर बघतो आणि नंतरही. अमेरिकेत नेवाडा राज्याचं असलंच मंडळ 1941 पासून आहे. तरीही 1982 मध्ये लास वेगासला कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांनी वारला. जागतिक विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारावर आल्या त्या त्यानंतर. भाचा म्हणाला, "मामा, तुमच्याकडे किती मिनिटांची असते?" मी सांगितलं, निकाली असेल तर निकाल लागेपर्यंत. तो बराच वेळ काही बोलला नाही. तासभर चाललेली कुस्ती आपण अभिमानानं सांगतो, हे त्याला फोनवर कसं समजवायचं?

आता कागद. ग्रामपंचायतीचा ठराव सोपा गेला, सरपंच कमिटीतच आहेत. पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेलो तर पहिला प्रश्न, "पाहुणे कोण येणार?" दुसरा, "पार्किंग कुठंय?" तिसरा, "मागच्या वर्षी भांडण झालं होतं का?" जमावबंदीचा आदेश चालू होता, त्यामुळे परवानगीशिवाय चालणार नाही, माइकचा अर्ज वेगळा, दहानंतर भोंगा बंद. स्वयंसेवकांची यादी, त्यांचे मोबाइल, आणि हमीपत्र. कोणाचं हमीपत्र? कमिटीचं, की भांडणं होणार नाहीत. मी म्हणालो, साहेब, कुस्त्याच आहेत. हवालदार मिस्कील होते. म्हणाले, "आतली भांडणं तुमची, भाईरली आमची." सगळ्या फेऱ्यांत इतकं खरं वाक्य दुसरं कोणी बोललं नाही.

क्रीडा खात्याच्या एका कार्यालयातही गेलो. बाईंनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की शालेय स्पर्धा असती तर सगळं केलं असतं, गावचं मैदान त्यांच्याकडे येत नाही. तीन चकरांनंतर माझ्या लक्षात आलं ते असं: पोलीस बघणार गर्दीकडं, क्रीडावाले बघणार प्रमाणपत्राकडं, आरोग्य केंद्र बघणार जत्रेच्या पाण्याकडं. मधल्या तीस-चाळीस फूट लाल मातीकडं बघणारं कोणीच नाही. ती माझ्याच अंगावर.

108 ला विचारलं. सेवा फुकट आहे, बोलावली की येते, पण दिवसभर एका जागी उभी करून ठेवता येणार नाही म्हणाले. ते बरोबरच आहे, आमच्या कुस्त्यांपायी हायवेवरचा अपघात थांबवायचा का? मग खासगी रुग्णवाहिका ठरवली, दुपारी तीन ते रात्री नऊ. गावातलाच एक मुलगा सोलापुरात हाडांचा डॉक्टर आहे. त्याला आजीची शपथ घालून बोलावलं. त्यानं येण्याआधीच यादी पाठवली: मानेचा पट्टा, स्पाइन बोर्ड, शिट्टी, आणि मागच्या वर्षी मान ओढणाऱ्या काकांना फडापासून लांब ठेवा.

पट्टा सर्जिकलच्या दुकानात मिळाला. बोर्ड परवडेना. मग तालमीतला जुना दाराचा फळा घासून घेतला आणि त्यावर सराव केला. एकानं डोकं आणि मान धरायची, ती सोडायची नाही. बाकीच्या तिघांनी ओंडका लोळवावा तसं अंग एकाच वेळी कुशीवर वळवायचं, मागून फळा सारायचा. रोगी म्हणून तालमीचे वस्ताद स्वतः मातीत झोपले. एकशे दहा किलोचा माणूस. पहिल्या खेपेला चौघांनी चार वेगवेगळ्या वेळी ओढलं तसे वस्ताद झोपल्या झोपल्या ओरडले, "मेलो असतो की बे आत्ता!" सहाव्या खेपेला जमलं.

वस्तादांचं आणि माझं खरं वाजलं ते वजनावरून. जत्रेत जोड लावायची ती डोळ्यानं. दोघांना समोरासमोर उभं करायचं, दंड बघायचे, हात मिळवून द्यायचे. मी आडत्याकडून कांद्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. वस्तादांना ते सहन होईना. "पैलवानाला काट्यावर घालता व्हय मालक? कांदा हाय का त्यो?" मी म्हटलं, एकदा बघू तरी. त्यांनीच बरोबरीची म्हणून लावलेली पहिली जोड: एक 71, दुसरा 84. वस्तादांनी काट्याला बोटानं ठोकून बघितलं, स्वतः चढून बघितलं, मग खाली उतरून मिशीवरनं हात फिरवला. त्यानंतर त्यांनी काट्याबद्दल चकार शब्द काढला नाही, उलट दुसऱ्या तालमीच्या पोरांना चपला काढून चढा म्हणून दम देऊ लागले.

नियमाचा कागद मी एकपानी केला. अठराच्या आतल्यांना निकाली नाही, दहा मिनिटांनी पंच गुणावर निकाल देणार. वजनात पाच किलोंपेक्षा जास्त फरक नको. मानेवर घुटना ठेवून दाबायचं नाही. ताप, उघडी जखम किंवा नायटा असेल तर बाहेर. डॉक्टरची शिट्टी वाजली की कुस्ती तिथंच संपली. सगळ्यात जास्त वाद शेवटच्यावर झाला, आणि तो सुरक्षेचा नव्हताच, इनामाचा होता. शिट्टीनं थांबली तर पैसे कोणाचे? दोन रात्री देवळात बसून ठरलं: नियमातल्या डावानं लागलं तर समोरच्याचे, नियमाबाहेर लागलं तर पडलेल्याचे, आणि नक्की कशानं ते कळत नसेल तर अर्धे अर्धे. हे आधी ठरलं नसतं तर त्या दिवशी मला गाव सोडावं लागलं असतं.

पोलिसांची परवानगी जत्रेच्या दिवशी सकाळी अकरा चाळीसला व्हॉट्सअपवर आली. चौदा अटी. तेरा गर्दी, वाहनं, भोंगा आणि आक्षेपार्ह घोषणांच्या. बाराव्या क्रमांकाला एक ओळ: वैद्यकीय पथक उपलब्ध ठेवावे.

एप्रिलचा सोलापूर, चाळीसच्या वर पारा. कुस्त्या साडेचारला सुरू केल्या. त्याआधी शाळेच्या व्हरांड्यात डॉक्टरनं एकेकाला तपासलं. नायट्यानं अकरा पोरं बाद झाली. "नायटा म्हंजे पैलवानाचा दागिना वो," एक पालक कळवळून म्हणाले. त्याच मातीत पुढची ऐंशी पोरं लोळणार आहेत, हे डॉक्टरनं त्यांना शांतपणे सांगितलं आणि मलमाची चिठ्ठी दिली. एक पोरगा वजन उतरवायला सकाळपासून पाणी प्यालाच नव्हता, ओठांना सालपटं आली होती. त्याला ताक पाजून घरी बसवला.

रेवड्यांच्या, नारळाच्या इनामाच्या कुस्त्या झाल्या, मग मोठ्या. सात वाजता पंधरा हजारांची लागली. दोघंही विशीच्या पुढचे, वजनात दोन किलोंचा फरक. आठव्या मिनिटाला एकानं कलाजंगचा डाव टाकला, दुसरा अर्धवट सुटला आणि डोक्याची बाजू आपटली. चीतपट नाही. तो लगेच उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं खाली वाकून चिमूटभर माती घेतली, कपाळाला लावली आणि हात मिळवायला पुढे केला.

टाळ्या आणखी वाढल्या. लोकांना वाटलं, काय जिगर आहे! मला कळायला दोन सेकंद लागले: त्याच्या लेखी कुस्ती आत्ता सुरू होत होती. डॉक्टरची शिट्टी वाजली. त्यानं विचारलं, कुठल्या गावात आहेस? पोरानं आधल्या आठवड्याच्या जत्रेचं गाव सांगितलं.

मग जो गोंधळ झाला! "डॉक्टरला घरी पाठवा", "पैसं खाल्लं", एकानं पाण्याची बाटली भिरकावली. पोराचे वस्ताद माझ्या अंगावर आले, आमचा गडी उभा हाय, डोळं फुटलं का तुमचं? आमचे वस्ताद मधे पडले नसते तर अवघड होतं. नियमाचा कागद दाखवला, त्यावर पोराच्या वस्तादांचीच सही होती. डाव नियमातला होता, पैसे समोरच्याला गेले. पोराला पट्टा लावून, फळ्यावर घेऊन, सोलापूरला रवाना केलं. वाटेत तो दोनदा ओकला. रात्रभर देखरेखीखाली ठेवला, मेंदूत रक्तस्राव नव्हता, दुसऱ्या दिवशी सोडलं. डॉक्टरनं महिनाभर मातीत उतरू नको म्हणून लिहून दिलं. बॉक्सिंगमध्ये डोक्याला मार लागून लढत थांबली तर किमान तीस दिवसांची सक्ती असते, आमच्याकडे ती चिठ्ठी वाचणार कोण? पुढच्या गावच्या कमिटीला मी फोन करून नाव सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पोस्टरवर मात्र त्याचा फोटो तसाच होता.

सोमवारी काटा परत द्यायला मार्केट यार्डात गेलो. आडत्यानं ताटलीवर बोट फिरवलं, तांबडी माती लागली. "मालक," तो म्हणाला, "पुसून तरी आणायचा. कांदा पांढरा हाय आज."