वाटण भाजून ठेवलेलं असलं की रात्रीचं कोरड्यास सोपं

सातला घरी आल्यावर सव्वाआठला गरम भाकरी ताटात पडायची असेल, तर त्या तासाभरात कांदा नीट भाजायला सवड नसते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बहुतेक आमट्या-कोरड्यासांची (कोरड्यास म्हणजे भाकरीसोबतचं कालवण) चव कांदा-खोबऱ्याच्या वाटणावर उभी असते आणि घाईत नेमकं तेच कच्चं राहतं. अर्धवट भाजलेल्या कांद्याचा उग्र वास नंतर कितीही चटणी घातली तरी जात नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, पाऊण तास काढून वाटण करून ठेवावं. रोजच्या स्वयंपाकाला याहून उपयोगी तयारी मला माहीत नाही.

चौघांच्या घराला आठवडाभर पुरेल असं प्रमाण: कांदे अर्धा किलो, सुकं खोबरं १५० ग्रॅम, लसणाचे दोन गड्डे, दोन बोटं आलं, धने दोन चमचे, तीळ दोन चमचे, देठांसकट मूठभर कोथिंबीर आणि चार मोठे चमचे तेल. टोमॅटो घालू नका. त्याने वाटण पातळ होतं आणि सगळ्या भाज्यांना एकच आंबट चव येते. मिरचीही नको. तिखट त्या त्या वेळी घालता येतं, आणि मग पोरांसाठी थोडं बाजूला काढणं सोपं जातं.

कांदा उभा, सारख्या जाडीचा चिरा. जाडी कमी-जास्त झाली की बारीक काप जळतात आणि जाड कच्चे राहतात. जाड बुडाच्या कढईत तेल तापवून मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं परता. पहिली दहा मिनिटं कांदा नुसतं पाणी सोडत असतो, रंग बदलत नाही. इथेच लोक कंटाळतात आणि आच मोठी करतात. मग कडा काळ्या पडतात, मधला भाग पांढराच राहतो आणि वाटण कडू होतं. कढई लहान असेल तर कांदा दोन वेळा करून भाजा, कारण गर्दी झाली की तो भाजत नाही, वाफेवर शिजतो. चमच्याने दाबल्यावर चिकटसर लागला आणि रंग सगळीकडे गुळासारखा झाला की उतरवायचा. लसूण-आलं शेवटच्या पाच मिनिटांत त्यातच घाला.

खोबरं मात्र वेगळं. बारीक काप किंवा कीस मंद आचेवर तीन-चार मिनिटांत बिस्किटाच्या रंगाचा होतो आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात जळतो. गॅस बंद केला तरी तापलेल्या कढईत तो भाजतच राहतो, म्हणून लगेच ताटात काढा. धने-तीळ त्याच कढईत मिनिटभर. ओला नारळ वापरायचा असेल तर जरूर वापरा, पण ते वाटण दोन दिवसांत संपवावं लागतं.

सगळं पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा. गरम असताना लावलं तर वाफेने झाकण उडतं. आधी धने, तीळ आणि खोबरं कोरडंच फिरवून घ्या, मग कांदा आणि कोथिंबीर. पाणी चमच्या-चमच्याने, पातं फिरण्यापुरतंच. पाणी जास्त झालं की वाटण लवकर आंबतं. यातून साधारण तीन वाट्या वाटण निघतं (इथे वाटी म्हणजे १५० मिलिलिटर). काचेच्या किंवा स्टीलच्या कोरड्या डब्यात, फ्रीजमध्ये सहा दिवस राहतं. ओला चमचा बुडवला तर तितकंही नाही. जास्त दिवस हवं असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवा. वाटणाचे असे तीन-चार ठोकळे एका आमटीला होतात.

आता चटणीबद्दल. आपल्याकडे मसाल्याच्या डब्यातल्या कांदा-लसणाच्या लाल तिखटाला चटणीच म्हणतात, तीच इथे अभिप्रेत आहे. रंगाला ब्याडगी मिरची आणि तिखटपणाला संकेश्वरी, ही जोडी उत्तम. नुसत्या ब्याडगीने आमटी लालभडक दिसते पण जिभेला काही लागत नाही, आणि नुसत्या संकेश्वरीने डोळ्यांतून पाणी येतं. तीन भाग ब्याडगी आणि एक भाग संकेश्वरी हे घरच्या सगळ्यांना चालेल असं प्रमाण आहे.

रोजच्यासाठी मोड आलेल्या मटकीची आमटी घेऊ. चौघांना दोन वाट्या मोड आलेली मटकी. दोन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता. मोहरी तडतडली की अर्धी वाटी वाटण घाला आणि ते मिनिटभर परतल्यावर दोन चमचे चटणी. क्रम उलटा करू नका. तापल्या तेलात थेट चटणी पडली तर काही सेकंदांत करपते आणि सगळी आमटी कडवट होते. वाटणाच्या ओलाव्यात ती सांभाळली जाते. कडेने तेल सुटलं की मटकी, हळद आणि चार वाट्या गरम पाणी घाला. पाणी गरमच हवं. गार पाण्याने उकळी मोडते आणि कट नीट वर येत नाही. झाकण ठेवून बारा ते पंधरा मिनिटं. कुकरला लावू नका, एका शिट्टीतच मटकीचा लगदा होतो. चिंच किंवा आमसूल मटकी मऊ झाल्यावरच, कारण आंबटाने कडधान्य शिजायला अडतं. मीठ आणि सुपारीएवढा गूळ शेवटी.

हीच आमटी पाहुणे आले की वाढवावी लागते. साडेसातला फोन येतो आणि चार माणसं जास्त होतात. अशा वेळी भांड्यात नुसतं पाणी ओतलं की आमटी पांचट होते, मग मीठ आणि चटणी घालत राहिलं तरी सावरत नाही. त्याऐवजी लहान कढईत दोन चमचे तेलात तीन मोठे चमचे वाटण तेल सुटेपर्यंत परता, त्यात एक चमचा चटणी आणि दोन मोठे चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट घाला, तीन वाट्या गरम पाणी ओतून उकळी आणा आणि मग हे सगळं मूळ आमटीत मिसळा. पाच मिनिटं एकत्र उकळलं की कोणाला कळतही नाही. मटकी कमी दिसत असेल तर उकडलेला बटाटा हाताने फोडून घाला. सुरीने कापलेल्या फोडींपेक्षा हाताने फोडलेल्याला रस्सा जास्त धरतो.

वाटण संपलेलं असेल त्या दिवशी कांद्याच्या पातीचा कोरडा झुणका. दोन जुड्या पात, पाऊण वाटी बेसन, चार चमचे तेल, लसूण, जिरं, चटणी. पात परतून जरा बसली की कोरडं बेसन वरून भुरभुरवा, पाण्याचा हबका मारा, झाकून मंद आचेवर सात-आठ मिनिटं. मधे दोनदा उलथन्याने खालून वर करा. बेसन एकाच जागी पडलं तर गोळे होतात, आणि तेल कमी पडलं तर घशात अडकतं. इथे तेलाची काटकसर नको.

ठरवून बोलावलेल्या सहा जणांसाठी मात्र भरली वांगी करावीत. शेजारच्या कन्नड घरांतलं एणगाई हे याचंच भावंड. बारा लहान वांगी, सहाशे-सातशे ग्रॅम. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकी लागतात ती घ्या. जड वांग्यात बिया पक्क्या झालेल्या असतात. देठ ठेवून चार चिरा द्या आणि मिठाच्या पाण्यात टाका. सारणाला एक वाटी वाटण, पाऊण वाटी शेंगदाण्याचं कूट, दोन चमचे भाजून कुटलेले कारळे (कन्नडमध्ये गुरेळ्ळु), तीन चमचे चटणी, दोन चमचे चिंचेचा कोळ, थोडा गूळ आणि मीठ. कारळ्यांशिवाय चालेल, पण त्यांचा तो खमंग, किंचित कडसर वास या भागातल्या भरल्या वांग्याची ओळख आहे. वांगी पुसून कोरडी करूनच भरा, नाहीतर सारण धरत नाही.

पाच मोठे चमचे तेलात वांगी आधी पाच-सहा मिनिटं सगळ्या बाजूंनी परतून घ्या. पाणी आधीच घातलं तर साल वातड होते आणि सारण बाहेर वाहून जातं. मग उरलेलं सारण आणि दीड वाटी गरम पाणी घाला, वर ताट ठेवून ताटात पाणी ओता आणि मंद आचेवर पंधरा मिनिटं ठेवा. कूट तळाला बसून लागतं, म्हणून भांडं जाड हवं आणि एकदा हलक्या हाताने हलवायला हवं. शिजलं का ते देठाजवळ सुरी टोचून पाहा. पोट मऊ झालं तरी देठाकडचा भाग कच्चा असू शकतो.

भाकरीचा हिशेब आधी करा, कारण पाहुणचार इथेच अडतो. किलोभर शाळूच्या पिठात पंधरा-सोळा मध्यम भाकऱ्या होतात. मोठ्या माणसाला दोन धरल्या तर आठ जणांना सोळा. एका तव्यावर एका भाकरीला तीन मिनिटं, म्हणजे पाऊण तासाहून जास्त वेळ करणारी चुलीपुढेच. सहाच्या वर माणसं असतील तर मला सरळ सल्ला द्यावासा वाटतो: पहिल्या वाढपापुरत्या आठ ताज्या भाकऱ्या करा, बाकी बाजारातली कडक भाकरी आणि भात. कडक भाकरी, दही आणि शेंगदाण्याची चटणी यात कमीपणा काहीच नाही.

पीठ दळून आठ-दहा दिवसांच्या आतलं असावं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि पीठ जुनं झालं की जी थोडी विरी (पीठ धरून ठेवणारा चिकटपणा) असते तीही जाते, मग थापताना कडा फाटतात. असं पीठ असेल तर उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकून ठेवा आणि मग मळा. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि गोळा एकसंध होतो. एका वाटीला पाऊण वाटीच्या आसपास पाणी. एका भाकरीपुरतंच पीठ मळा, काठवटीत तळहाताने रगडून, चांगलं दोन मिनिटं. तवा तापलेला हवा, पाण्याचा थेंब टाकताच नाचला पाहिजे. भाकरी टाकल्याबरोबर वरून पाणी फिरवा. उशीर झाला तर पीठ पांढरं राहून भेगा पडतात. ते पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, अशा वेळी उलटा. दुसरी बाजू नीट भाजली की पहिली बाजू थेट आचेवर धरा. पापुद्रा सुटून भाकरी फुगते.

भाताला खानापूरकडचा इंद्रायणी असेल तर नव्या तांदळाला दीडपट ते पावणेदोनपट पाणी पुरतं. दुप्पट घातलं की गिचका होतो. सोबत मेथीची पचडी: कच्ची मेथी बारीक चिरून, कांदा, कूट, मीठ, लिंबू आणि चमचाभर कच्चं तेल. वाढायच्या वेळीच कालवा, आधी मीठ घातलं की मेथी पाणी सोडून मलूल होते. गोडाला कुंदा आणा, सहा जणांना पाव किलो पुरतो. फ्रीजमधला असेल तर चमचाभर दूध घालून मंद आचेवर मिनिटभर गरम करा. गार कुंदा घट्ट लागतो आणि त्याचा भाजलेल्या दुधाचा वासही येत नाही.

वाटणाचा डबा रिकामा झाला की लगेच धुवायला टाकू नका. त्यात अर्धी वाटी गरम पाणी घालून हलवा आणि ते त्याच रात्रीच्या वरणात ओता.