सेंट्रेटची लाईन चोक झाली त्याची गोष्ट

मी सांगलीत एका एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटवर, शिफ्ट इंजिनिअर आहे. आमच्याकडं डायजेस्टर आहे, म्हणजे गाळ बंद टाकीत कुजतो, गॅस निघतो, त्यात ६० टक्क्यांच्या आसपास मिथेन, त्यावर इंजिन चालवून प्लँटची थोडी वीज निघते. बघायला येणारे सगळे तिथंच फोटो काढतात.

त्या दिवशी सकाळपासनं सेंट्रेटचा पंप सारखा ट्रिप. कुजलेला गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये पिळल्यावर जे पाणी निघतं ते या लाईननं परत प्लँटच्या तोंडाशी जातं. गॅस डिटेक्टर लावून एल्बो, म्हणजे पाईपाचं वळण, खोलला तर आत पांढरा थर, पाईपात जेमतेम मूठ जाईल एवढीच जागा. फिटर मामा छन्नी मारून घामाघूम, "फुटंना की ओ साहेब!" मॅनेजर म्हणाले बोअरच्या पाण्याचा क्षार असणार. पण तो क्षार ॲसिड टाकलं की फसफसतो, म्हणून लॅबमधनं पातळ हायड्रोक्लोरिक आणून एका खड्यावर टाकलं, तर फेसबिस काही नाही, गुमान विरघळला.

म्हणजे स्ट्रुव्हाईट! मॅग्नेशियम, अमोनिया, फॉस्फेट मिळून झालेला खडा. गाळ कुजताना हे तिन्ही पाण्यात सुटं होतं, पंपात नि एल्बोत पाणी आपटलं की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो, खडे धरतात. म्हणून तर सरळ पाईप बऱ्यापैकी साफ आणि एल्बो बंद.

मामांना म्हटलं, हे खत आहे, शुद्ध असलं तर डीएपीच्या पोत्यावर फॉस्फेट मोजतात त्याच हिशोबात २८-२९ टक्के, वर थोडं नत्र, आणि हळूहळू विरघळतं. मामांची हळद आहे, लगेच घमेलं घेऊन हजर. नको म्हटलं, यात गाळ अडकलाय, जंतू नि जड धातू तपासल्याशिवाय रानात न्यायचं नाही. "मग काय उकिरड्यावर टाकायचं व्हय?" बरोबरच होतं त्यांचं. शिकागोच्या स्टिकनी प्लँटात २०१६ ला यासाठी वेगळे रिॲक्टरच बसवले, मॅग्नेशियम घालून मुद्दाम खडे पाडायला, खत म्हणून विकायला. आपल्याकडं फॉस्फेटचा दगड बाहेरनं आणायचा आणि हा छन्नीनं फोडून फेकायचा.

हे सगळं मॅनेजरांना सांगितलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मग विचारलं, लाईन धुवायला ॲसिडचे कॅन किती मागवू?

तरी एक पोतं भरून शेडमध्ये ठेवलंय, सँपल लॅबला गेलंय. मामा रोज रिपोर्टचं विचारतात.