खो मिळेपर्यंत

पुणे, होस्टेल
२४ ऑगस्ट २०२५, रविवार, रात्री साडेदहा

आजही उठले. खो मिळायच्या आधीच. खो-खोच्या सरावात तीनदा झालं तसं. तिसऱ्या वेळी मॅडम काहीच बोलल्या नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं फक्त. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शाळेत सर बाहेरून सतत ओरडायचे. "डावीकडनं! खांब सोडू नको! मागं बघू नको!" त्या आवाजावर माझे पाय चालायचे, हे इथं येईपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. बारावीपर्यंत एकच शाळा, एकच मुरमाड मैदान, एकच सर. संरक्षणाला पहिल्या तिघींत मी जाणार हे ठरलेलं. नऊ मिनिटांच्या डावात तीन मिनिटं तरी काढायचीच. बाहेर बसलेल्या मैत्रिणी मोठ्यानं वेळ सांगायच्या, "दीड झाली! दोन झाली!" ते ऐकलं की अंगात बळ यायचं.

इथं कुणी मोजत नाही. म्हणून मीच मनात मोजते. पळताना डोक्यात आकडे चालू असतात, आता वीस सेकंद झाले असतील, आता तीस. आणि तेवढ्यात आक्रमण करणारीचा खांदा कुठं वळला ते निसटतं. या महिन्यात सगळ्यात जास्त टिकले ते चाळीस सेकंद.

शाळेत समोरच्या मुली माझ्याच वयाच्या असायच्या, फार तर १९ वर्षांखालच्या. आंतरविद्यापीठ स्पर्धेला १७ ते २५ वयाच्या मुली चालतात. आमची कर्णधार ताई एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती हुलकावणीला फसत नाही, कारण ती माझ्या पायांकडे बघतच नाही, कमरेकडे बघते. मॅटवर बूट घालून पळायची सवय लागायला पंधरा दिवस गेले, पण ती लागली. अंगाचा थकवा झोपलं की उतरतो. झोपच लागत नाही तेव्हा काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

आपला जिल्हा उस्मानाबाद होता तेव्हाची गोष्ट आठवते. २०२० मध्ये आपल्याकडच्या खो-खोपटू सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मी आठवीत. कोरोनामुळं शाळा बंद, मैदानात गुडघाभर गवत. पप्पांनी दारापुढं चुन्याच्या रेघा मारून दिल्या होत्या. त्या रेघांवर मी एकटीच पळायचे.

पप्पांशीच खोटं बोलले, ते लिहायचंय खरं तर. परवा पोळ्याला फोन आला. बैल सजवून झाले होते, मागं हलगी ऐकू येत होती. "किती मिनिटं काढतीस गं आता?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "तीन." ते खूश झाले, आईला ओरडून सांगितलं. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

आज सराव संपल्यावर ताई शेजारी येऊन बसली. म्हणाली, "तू घाई का करतीस माहितीय का?" मी गप्प. मग तिनं स्वतःचंच सांगितलं. संघात बारा, मैदानात नऊ. पहिलं अख्खं वर्ष ती त्या उरलेल्या तिघींत होती. आणि घरी सांगितलंच नव्हतं. घरच्यांना वाटायचं, पोरगी खेळतेय.

मला रडू आलं. तिनं पाण्याची बाटली पुढं केली, बाकी काही विचारलं नाही.

मी घाई का करते ते मला माहीत आहे. शाळेत मी चौकोनात फार बसलेच नाही, शेवटचा सूर मारायला खांबाजवळ मीच असायचे. इथं तिसऱ्या चौकोनात बसते. आक्रमण करणारी मागनं येते, ती दिसत नाही. पाठीला हात लागेपर्यंत आणि 'खो' ऐकू येईपर्यंत हलायचं नाही. ते दोन-तीन सेकंद मला सोसवत नाहीत. वाटतं, आपल्याला विसरले सगळे. म्हणून उठते.

जेवल्यावर मोबाईलवर जानेवारीतला विश्वचषकाचा अंतिम सामना पुन्हा पाहिला. आपण नेपाळला ७८-४० नं हरवलं तो. तेव्हा शाळेत सगळ्यांनी मिळून पाहिला होता, आणि मी फक्त कर्णधार प्रियांका इंगळे आणि पळणाऱ्या मुलींकडे बघत होते. आज बसलेल्या मुलींकडे बघितलं. पायाचा चवडा टेकलेला, अंग ताणलेलं, मान स्थिर. एकही जण मागं वळून बघत नव्हती.

बुधवारी गणपती. मंगळवारी रात्रीच्या एसटीनं निघायचं. पप्पांना फोनवर नाही सांगणार, मखर बांधताना समोर बसून सांगेन, चाळीस सेकंद म्हणून.

उद्या सकाळी ताई अर्धा तास आधी येणार आहे. मी चौकोनात बसायचं, ती मागनं पळणार. म्हणाली, दहा वेळा जाईन, खो एकदाच देईन. कितव्या वेळी ते सांगणार नाही.