चैत्रातली पायी वारी: कोरडी जीभ आणि भाजलेले तळवे

एकविरा आईच्या पालखीबरोबर ठाण्याहून कार्ल्याला चालत जायचं म्हणजे ऊन अंगावर घ्यायचं, आषाढीच्या वारीला निदान पाऊस तरी असतो, इथे चैत्र आणि कळव्यापासून पनवेलपर्यंत नुसता तापलेला रोड. मी कॅज्युअल्टीत नर्स आहे म्हणून औषधांची बॅग माझ्याकडे, तोंडाने आईचा उदो उदो चालू असतो पण नजर लोकांच्या ओठांवर आणि चालीवर.

रबाळेच्या पुढे आमच्यातल्या एक काकी मागे पडायला लागल्या. म्हटलं काकी बसा जरा सावलीत, तर म्हणे "काय नाय झाला गो मना, चल तू." पण ओठ सुकलेले, जीभ खरखरीत, नाडी भरभर, आणि उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी. सकाळपासून लघवीला गेलात का विचारलं तेव्हा कानाशी येऊन म्हणाल्या, जायला जागा कुठंय, म्हणून पाणीच पीत नाय. हे मी बायकांकडून दर वर्षी ऐकते आणि दर वर्षी जीव जळतो. सरबत आहे, कलिंगड आहे, पाण्याचा टँकर आहे, आणि आमच्या बायका तहानलेल्या चालतायत! वर काकींना बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, तर अशी गोळी घेणाऱ्यांनी निघायच्या आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

म्हाताऱ्या माणसाची कातडी चिमटीत धरून बघण्यावर जाऊ नका, ती वयाने सैलच असते. जीभ बघा, लघवीचा रंग विचारा, नख दाबून सोडा, दोन सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात, अर्धं अर्धं करायचं नाही, आणि पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घोट घोट द्यायचं, गटागटा दिलं की उलटी होते. काकींना टेम्पोत बसवलं, संध्याकाळी मुक्कामावर स्वच्छ लघवी झाली असं सांगितलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, आपण कुठे आहोत हेच सांगता येईना, तर तो उष्माघात समजा, अंगातला ताप 40 अंशांच्या वर गेलेला असू शकतो. तोंडात पाणी ओतायचं नाही, ठसक्याने श्वासात जातं. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगभर पाणी मारून वारा घाला आणि लगेच 108. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात उन्हाने माणसं गेली, त्या बाजूने जाताना मला ते आठवल्याशिवाय राहत नाही.

कळंबोलीला एका दादांचे तळवे बघितले, नवसाचे अनवाणी चालत होते, डांबराने दोन्ही पायांना टपोरे फोड आलेले आणि ह्यांना पत्ताच नाही, कारण जुनी शुगर, पायाची संवेदना गेलेली. कोणीतरी टूथपेस्ट घेऊन धावला, त्याला थांबवलं. टँकरचा पाईप धरून 20 मिनिटं साधं वाहतं पाणी, बर्फ नाही, हळद नाही, तूप नाही, फोड फोडायचा नाही, मग धुतलेला सुती पंचा सैल गुंडाळला आणि हॉस्पिटलला पाठवलं. तळवा, पंजा, तोंड, सांधा भाजला की जखम छोटी दिसली तरी डॉक्टरांनी बघायलाच हवी, आणि शुगरवाल्याची तर हमखास. भाजण्यातही पाणीच जातं, मोठी जखम असली की रक्तातलं पाणी झिरपत राहतं, म्हणून वॉर्डात आल्या आल्या सलाईन लावतात.

दादा म्हणाले, ताई नवस मोडला तर? मी म्हटलं आई लेकराचे पाय मागत नाही. गाडीत बसले.

यंदा मंडळाच्या मीटिंगमध्ये माझं एकच मागणं आहे, टँकरच्या मागे बायकांसाठी मोबाईल टॉयलेटची गाडी हवी, सजावटीचा खर्च कमी करून का होईना. चार काकींच्या सह्या झाल्यात, बाकीच्यांच्या घरी रविवारी जातेय.