डब्यातला पावसाळा

भाचा जहाजावर नोकरीला आहे. मागच्या मार्चमध्ये सुटीवर आला तेव्हा आईसाठी शाल, मामीसाठी अत्तर आणि माझ्यासाठी पाच सिगार घेऊन आला. "मामा, थेट क्यूबातले, हवानाचे आहेत. आता रिटायर झालात, जरा ऐटीत बसून ओढा." माझा तंबाखूशी संबंध एवढाच, की लहानपणी सांगलीला आजोळी आजोबांच्या चंचीची दोरी सोडून द्यायचं काम माझ्याकडे असे. पण ऐटीत बसायला कोण नाही म्हणेल? पाचही सिगार मी शोकेसमध्ये गणपतीशेजारी मांडले. बायकोने ते तासाभरात तिथून हलवून माझ्या पुस्तकांच्या कपाटात टाकले.

पुण्याचा एप्रिल काय असतो ते वेगळं सांगायला नको. ओठ फुटतात, दारं आकसतात, वाळत घातलेला टॉवेल दहा मिनिटांत पापड होतो. महिन्याभराने एक सिगार काढून हलकेच दाबला तर कुरकुर वाजला आणि वरच्या पानाला बारीक तडा गेला. तेव्हा कुठे मी वाचायला बसलो, आणि कळलं की हा पाहुणा आपण समजतो तसा कोरडा माल नव्हेच. हवेत ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि वीस-एकवीस अंशांच्या आसपास उष्मा, एवढं त्याला बारा महिने लागतं. कमी झालं की पानातलं तेल उडतं, चव जाते आणि धूर तिखट लागतो. जास्त झालं की बुरशी धरते, शिवाय धड पेटत नाही.

आपल्या घरात सादळणं म्हणजे वाया जाणं. चिवडा सादळला, पापड सादळले, काडेपेटी सादळली, की आपण हळहळतो. हा एकच पदार्थ मी असा पाहिला, की ज्याला आयुष्यभर बेताचं सादळलेलं राहावं लागतं. हे 'बेताचं' सांभाळण्यात माझं पुढचं वर्ष गेलं.

यासाठी खास लाकडी पेटी मिळते, ह्युमिडॉर म्हणतात तिला. किंमत पाहून मी हवाबंद झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घेतला, आणि नवशिक्याने तोच घ्यावा असं आता माझं ठाम मत आहे. नवी लाकडी पेटी आधी स्वतःच पाणी पिते. तिला आठवडा-दोन आठवडे डिस्टिल्ड वॉटरची वाटी आत ठेवून तृप्त करावी लागते, नाहीतर ती सिगारमधलाच ओलावा ओढून घेते. डब्याची अशी काही भूक नसते. त्यात आर्द्रतेची एक पुडी टाकायची. तिच्यात मिठासारख्या क्षाराचं दाट द्रावण असतं. डब्यातली हवा कोरडी पडली की ती पुडी ओलावा सोडते, दमट झाली की शोषून घेते. शेजारी ओलावा मोजायचा काटा.

तो काटा बरोबर आहे हे कशावरून? त्याची परीक्षा स्वयंपाकघरातच होते. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, विरघळू न देता चार थेंब पाण्याने नुसतं भिजल्या वाळूसारखं करायचं, आणि ते बूच नि काटा एका बंद पिशवीत रात्रभर ठेवायचे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. सकाळी माझा काटा ६९ दाखवत होता, म्हणजे सहाने मागे. ओट्यावर पिशवीत मीठ आणि घड्याळासारखं काहीतरी बघून बायको म्हणाली, "अहो, दृष्ट काढताय का कुणाची?"

वाळलेल्या सिगारला एकदम भरपूर ओलावा दिला तर आतलं पान आधी फुगतं आणि बाहेरचं फाटतं. म्हणून मी पुडी पहिले पंधरा दिवस दिवसातून थोडा थोडा वेळच आत ठेवली. उपास सोडताना जसं पहिल्या घासाला बेताने घ्यावं, तसं.

खरी गंमत मला लाकडात सापडली. सिगारच्या पेट्या ज्या लाकडाच्या करतात त्याला 'स्पॅनिश सीडर' असं भारदस्त नाव आहे. ते लाकूड स्पेनचंही नाही आणि सीडरचंही नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं ते झाड महोगनीच्या कुळातलं, आणि त्याच कुळात आपला कडुनिंब बसतो. आपल्याकडचा तूण तर त्याचा इतका जवळचा, की पूर्वी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत दोघं एकाच नावाखाली होते. या लाकडाच्या वासाला किडे बिचकतात. आजी तांदळाच्या पिंपात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायची ते का, हे मला साठीत क्यूबाच्या वाटेने कळलं.

आणि किडा तरी कोणता? सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पाडणारा जो बारीक तपकिरी किडा असतो, तोच हळकुंडात, सुंठीत, मिरचीत पडतो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. २००५ च्या महापुरात त्यातली बहुतेक पेवं गेली. त्या पेवांची कीर्तीच अशी, की वर्षानुवर्षं ठेवलेल्या हळदीला कीड लागत नसे. बंद पेवात किड्याला श्वास घ्यायला हवाच उरत नाही. सिगारला पेवात घालता येत नाही. त्यात किड्याची अंडी असली तर ती उष्म्याने उबतात, आणि पुण्याच्या मे महिन्यात काय उबणार नाही? त्यावर उपाय म्हणजे दोन पिशव्यांत गुंडाळून तीन दिवस फ्रीझर, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर. घाई केली की पान तडकतं. आमच्या फ्रीझरमध्ये मटारच्या शेजारी हवाना तीन दिवस राहून आला. कायमचं फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये. तिथली हवा कोरडी, आणि सिगार शेजाऱ्याचा वास चटकन उचलतो.

जुलैत उलटा पेच. घरभर ८५ टक्के, चामड्याच्या चपलेवरही पांढरी साय. डब्याचं झाकण उघडायचं नाही, एवढंच पथ्य. बाहेर कोसळणारा पाऊस आणि आत ६६ टक्क्यांचा माझा खाजगी पावसाळा, हे दृश्य मी दिवसातून तीनदा पारदर्शक झाकणातून बघत असे.

ओढायचं काय? येतो त्यावर.

पहिला सिगार मी वाया घालवला. ओठाकडच्या टोकाला पानाचीच एक चिमुकली टोपी चिकटवलेली असते. तिचा वरचा जेमतेम दोन मिलिमीटरचा भाग कापायचा. मला वाटलं, आजोबांचा अडकित्ता घरात असताना कटर कशाला विकत घ्या? पण अडकित्त्याला पातं एकच, खालची बाजू बोथट. सुपारी कठीण, ती निमूट तुटते. सिगार चेपला, टोपी निघाली, आणि वरचं पान निऱ्या सुटाव्यात तसं उलगडत गेलं. दोन्हीकडून पातं येणारा साधा कटर दोनशे रुपयांना मिळतो. तो घ्या.

दुसरा डिसेंबरात, गच्चीवर, जेवण झाल्यावर. रिकाम्या पोटी अजिबात नको. पेटवताना ज्योत टोकाला लावायची नाही. खाली जरा अंतरावर धरून, गॅसवर वांगं फिरवतो तसं सिगार फिरवत कडा आधी शेकून घ्यायची. लांब काडी चालते, तिचा मसाला जळून गेल्यावर. पेट्रोलचा लायटर नको, रॉकेलच्या स्टोव्हवरच्या चहासारखी चव लागते. मग मिनिटाला एखादाच झुरका. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. अर्थात नुसता घोळवला म्हणून तंबाखू साळसूद होत नाही. त्याचा हिशेब तोंडालाच द्यावा लागतो, हे आमच्या डॉक्टरांनी न विचारता सांगितलं.

मी नवशिका, मिनिटाला तीन-तीन झुरके घेतले. पंधराव्या मिनिटाला गच्ची हळूहळू फिरायला लागली. बायको गुळाचा खडा घेऊन वर आली आणि काही बोलली नाही. ते न बोलणं जास्त लागलं. खडा चघळत बसलो, तोवर सिगार मंदावला होता, आणि मंद झाल्यावरच तो चांगला लागला. जाणकार यात कोको, चामडं, मिरी असं बरंच काही ओळखतात. मला भाजलेले शेंगदाणे सापडले आणि मागून, अगदी पुसट, आजोबांची चंची.

१८६५ पासून हवानाच्या सिगार कारखान्यांत एक पद्धत सुरू झाली. कामगार पानं वळत बसलेले, आणि उंच आसनावर एक जण त्यांना मोठ्याने वाचून दाखवतोय. कधी वर्तमानपत्र, कधी कादंबरी. त्याचा पगार कामगारच वर्गणी काढून देत. हे वाचल्यापासून मला त्या पाच सिगारांबद्दल उगीच आदर वाटतो. वीतभरसुद्धा नसलेल्या त्या सुरळीत कोण जाणे कुठल्या कादंबरीचं कितवं प्रकरण गुंडाळलं गेलं असेल. विझवतानाही तो चुरगाळायचा नसतो. नुसता ठेवून द्यायचा, आपला आपण विझतो. मी तासाभराने ठेवला तेव्हा पाऊण इंच राख तशीच टोकाला धरून होती.

परवा भाच्याचा सिंगापूरहून फोन आला.

"मामा, संपले की नाही? येताना आणखी आणतो."

"तीन आहेत अजून."

"वर्ष होत आलं! ओढत का नाही?"

डबा माझ्या मांडीवर होता. काटा ६१ दाखवत होता, म्हणजे सहा धरून ६७. एप्रिल लागायला आठ दिवस होते.

"ओढतो रे. पण एक उन्हाळा नीट काढतात का ते बघू दे आधी. आणि हे बघ, आणायचंच असेल तर सिगार नको, त्या पुड्या आण."

मागून बायको ओरडली, "दोन जास्त सांग. हळकुंडाच्या बरणीत काटा ठेवलाय मी, कालपासून ७२ दाखवतोय!"

दुसरा काटा तिने कधी मागवला, ते मला अजून कळलेलं नाही.