टाकीच्या तोंडाला कान

मे महिना होता. दुपारी दीडच्या सुमाराला फोन आला तेव्हा मी एका नव्या कोऱ्या गाडीचा बंपर उतरवून बसलो होतो. पलीकडून आण्णांचा आवाज.

"मिस्त्री, आंबा घाटात अडकलोय. ओला फडका बांधून झाला, दोन डाव. चालू हुतीया आन् वळणावर परत बंद पडतीया."

ओला फडका म्हटल्यावर गाडी कुठली हे विचारायची गरजच नव्हती. आण्णांची १९८६ ची पद्मिनी. बदामी रंग, नंबर एमएच यायच्या आधीचा, तीन अक्षरी. रत्नागिरीला पाहुण्यांकडं लग्न होतं, तिकडून साखरपा मार्गे घाट चढून कोल्हापूरला परत येत होते. बरोबर काकू आणि आठ-नऊ वर्षांचा नातू.

मी पोराला हाक मारली. आमचा हा पोरगा आयटीआय झालेला, हुशार आहे, पण त्याच्या हाताला पहिल्यांदा गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो, मग पाना. त्यानं सवयीनं स्कॅनरची पेटी उचलली आणि गाडीत ठेवली. मी काही बोललो नाही. मी पाठीमागचा खण उघडून पंपाच्या डायफ्रामचं, म्हणजे आतल्या पडद्याचं, किट, पाइपची गुंडाळी, ठिणगीच्या पॉइंटचा सेट आणि क्लिपा घेतल्या. हा खण मी वर्षातून चार-पाच वेळाच उघडतो. बायको म्हणते, त्यात माझं बालपण ठेवलंय. तिला म्हणायचं असतं की अडगळ ठेवलीय.

शिवाजी पूल ओलांडला, बांबवडं मागं पडलं. त्या गावाच्या आसपासच माझं गाव. रस्ता ओळखीचा असला की डोकं आपोआप मागं जातं.

आमच्या घरी मोटार नव्हती, वडिलांची सायकल होती. पण दर गुरुवारी कोल्हापूरहून एक डॉक्टर यायचे, त्यांची डुक्कर फियाट होती. पन्नासच्या दशकातली, गोल पाठीची, पुढची दारं उलटी उघडणारी. म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. डॉक्टर उतरताना आधी पाय बाहेर यायचे, मग पोट, मग बॅग. एक्याऐंशी-ब्याऐंशी साल असेल, मी सात-आठ वर्षांचा. तोवर ती गाडी थकली होती. निघताना हमखास ढकलावी लागायची, आणि ढकलणाऱ्या पोरांना पिंपळापर्यंत आत बसायला मिळायचं. त्या दीडशे पावलांसाठी आम्ही शाळा बुडवत होतो. मी पुढं बसायला भांडायचो, कारण पुढची सीट सलग होती आणि गिअरची दांडी स्टिअरिंगला होती. डॉक्टर दांडी टाकायचे तेव्हा त्यांचा कोपर माझ्या नाकापुढून जायचा. गिअर बदलला की इंजिनाचा आवाज खाली यायचा आणि पुन्हा चढायचा. तो आवाज मी घरी येऊन तोंडानं काढायचो, आई वैतागायची.

दुसरी गाडी दसऱ्याची. वडील सायकलच्या दांडीवर बसवून कोल्हापूरला दसरा चौकात न्यायचे. छत्रपतींची मेबॅक सोनं लुटायला यायची. गर्दीत तिचा पुढचा दिवा आणि बॉनेटचा एक तुकडा, एवढंच दिसायचं. ती गाडी बघून मला मोटारीचं वेड लागलं असं सांगितलं तर गोष्ट जास्त चांगली होईल, पण ते खरं नाही. मेबॅक कधी आमच्यापुढं बंद पडली नाही. वेड लागलं ते बंद पडणाऱ्या गाडीनं, कारण बंद पडली की बॉनेट उघडायचं.

एका गुरुवारी ढकलूनही ती चालू होईना. मलकापूरहून एक मिस्त्री आला. म्हातारा, कानात बिडी. त्यानं बॉनेटखाली काहीतरी खोललं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "ए पोरा, मागं टाकीच्या तोंडाला कान लाव. बुडबुडं ऐकू आलं की वरड." मी कान लावला. आत अंधार, पेट्रोलचा वास, आणि मग बुडुक-बुडुक-बुडुक. मी ओरडलो. मिस्त्री तिकडून पेट्रोलचा पाइप तोंडात धरून फुंकत होता. मोटारीच्या एका टोकाला माणूस फुंकतो आणि दुसऱ्या टोकाला माझ्या कानात वाजतं, म्हणजे आतून ती सलग आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

घाटात पोचलो तर साडेचार वाजत आले होते. वरून तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडी कठड्याला लावलेली, चाकाखाली दगड, काकू सावलीत बसलेल्या. पंपाला काकूंचा लग्नातला नवा टॉवेल बांधलेला, ठिबकत होता. नातू बाटलीनं त्यावर पाणी ओतत होता आणि आपल्या कामावर खूश होता.

"स्कॅनर कुठं लावायचा?" आमच्या पोरानं डॅशबोर्डखाली वाकून विचारलं.

"तुझ्या कानाला," आण्णा म्हणाले.

ओल्या फडक्यामागं एक साधं गणित आहे. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला असतो, कॅमशाफ्टवर हलतो आणि पडदा वरखाली करून टाकीतून पेट्रोल ओढतो. घाटात इंजिन तापतं, हवा कमी लागते, पंप आणि पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला वाफ ओढता येत नाही. ओला फडका टाकला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी चालू होते. जुन्या लोकांना हे ठाऊक असायचं, म्हणून घाटात जाताना डिकीत फडका आणि पाण्याचा कॅन ठेवूनच निघायचे.

पण फडका दोन डाव टाकून, अर्धा तास थांबूनही गाडी एकच वळण चढत असेल तर दुखणं नुसत्या वाफेचं नाही. मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, पॉइंट बघितले, गॅप ठीक होती. प्लगची वायर हेडजवळ धरून पोराला स्टार्टर मारायला लावला. निळी, टप्पोरी ठिणगी. मग कार्बोरेटरकडं जाणारा पाइप काढून बाटलीत सोडला. स्टार्टर मारला. पेट्रोलच्या दोन पिचकाऱ्या आल्या, तिसऱ्याला नुसती हवा, नंतर काहीच नाही.

आता टाकीपासून पंपापर्यंत बघायचं होतं. पंपाच्या अलीकडचा रबरी पाइप काढला, तोंडात धरला. (हे करू नका. आम्ही करतो, आमचं चुकतं.) नातवाला म्हटलं, "बाळा, मागं जा. टाकीचं झाकण काढ आणि तोंडाला कान लाव. काय ऐकू आलं तर सांग."

तो पळत गेला. मी फुंकलं.

"बुडबुडं! आजोबा, बुडबुडं आलं!"

म्हणजे लाइन मोकळी. मग मी ओढून बघितलं. दोन इंच पेट्रोल आलं आणि एकदम कोंडलं, जणू कुणी आतून बोट लावलं. पुन्हा फुंकलं, बुडबुडे. पुन्हा ओढलं, बंद. फुंकताना वाट देणारा आणि ओढताना बंद होणारा पाइप. असला पाइप बाहेरून बघून कधीच कळत नाही.

तो वीतभर रबराचा तुकडा कापून मी कठड्यावर ठेवला आणि ब्लेडनं उभा चिरला. बाहेरून काळा, तुळतुळीत, नव्यासारखा. आतलं अस्तर मात्र सुटलं होतं आणि जिभेसारखं लोंबत होतं. ओढ लागली की ती जीभ तोंडावर येऊन बसायची. बोट फिरवलं तर काजळीसारखा चिकट थर बोटाला लागला. पंप खोलायच्या आधी दोन्ही अर्ध्यांवर कानशीनं एक खूण मारली, नाहीतर लावताना तोंडं उलटी बसतात. आत डायफ्राम. तोही फुगून कडेनं वळला होता, जुन्या पापडासारखा.

"हे कशानं?" आण्णांनी विचारलं.

"इथेनॉलनं."

आण्णा गप्प झाले, मग हसायलाच लागले. आण्णा ऊस करतात. चार एकर. त्यांच्या कारखान्याच्या शेजारी डिस्टिलरी आहे, वारा फिरला की मळीचा वास त्यांच्या सोप्यात येतो. उसाच्या रसाचं आणि मळीचं इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये जातं. आधी शंभरात दहा होतं, आता वीस झालंय. २०२३ च्या एप्रिलपासून नव्या गाड्या त्या हिशेबानं बनायला लागल्या. पण १९८६ साली कुर्ल्याच्या कारखान्यात ज्यांनी ही गाडी बनवली, त्यांच्या डोक्यात इथेनॉल असायचं कारण नव्हतं. जुन्या रबराला ते फुगवतं, मऊ करतं. वर ते पाणी धरतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीच्या तळाला पाणी आणि गंज, आणि तो गंज सोडवून पुढं पाठवायचं कामही तेच करतं.

सगळं इथेनॉलवर ढकलणं मात्र मला पटत नाही. "पाइप कधी बदलला होता?" असं मी विचारलं तेव्हा आण्णा आंबा घाटाच्या जंगलाकडं बघायला लागले. काकूंनी उत्तर दिलं, "थोरलीच्या लग्नात." थोरलीचा पोरगा समोर टॉवेल पिळत होता.

पोरानं मोबाइलवरून मान वर करून विचारलं, "पण ही गाडी फियाट का म्हणतात? बॅजवर तर प्रीमियर आहे."

मग मला वालचंद हिराचंद सांगावे लागले. सोलापूरचा माणूस. त्यांनी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पुढं फियाटशी करार होऊन कुर्ल्यात इटलीची 'फियाट अकराशे' बनू लागली. ती आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. इंजिन तेच, १०८९ सीसीचं. लोकांनी नाव बदललंच नाही, फियाट ती फियाटच राहिली. मुंबईत काळी-पिवळी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावली, शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षं भरली तेव्हा थांबली.

"आणि याच वालचंदांनी रावळगावला आणि वालचंदनगरला साखर कारखाने उभे केले," मी म्हटलं.

"म्हंजे गाडी बी त्यांची आन् ऊस बी त्यांचाच," आण्णा म्हणाले. "मग आपुन कशाला भांडायचं? घरातलंच भांडण हाय ते."

नवा पाइप मी आताच्या, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचा वापरतो. तो महाग पडतो, पण इथेनॉलला दाद देत नाही. डायफ्राम किटमधला घातला. तो किती टिकेल हे मी छातीठोक सांगणार नव्हतो, आण्णांनाही तसंच सांगितलं. पंप बसवला, त्याची हातानं मारायची छोटी दांडी दहा-बारा वेळा मारली, कार्बोरेटरचा वाडगा भरल्यावर ती हाताला सैल लागली. चोक ओढला नाही, इंजिन गरम होतं. पोराला म्हटलं, मार. अर्ध्या फेरीत इंजिन लागलं. काकूंनी हात जोडले, कुणाला ते माहीत नाही. बहुधा टॉवेलला.

आण्णा म्हणाले, "मलकापूरपतोर तुमीच घ्या. माझा इस्वास उडालाय."

मी स्टिअरिंगवर बसलो. पातळ, मोठं चक्र, मधे हॉर्नची कडी. पुढच्या सलग सीटवर मी, मधे नातू, पलीकडं आण्णा. मागं काकू आणि लग्नातला आहेर. पोरगा आमची गाडी घेऊन पाठीमागं. डाव्या हातानं दांडीनं पहिला टाकला, क्लच सोडला. तिसऱ्या वळणावर दुसऱ्यातून पहिल्यात यावं लागलं. गाडी जवळजवळ थांबवून दांडी टाकली तेव्हा माझा कोपर त्या पोराच्या नाकापुढून गेला आणि त्यानं मान मागं घेतली. आवाज खाली आला, पुन्हा चढला. वर आंब्याला पोचेस्तोवर मी कुणाशी बोललो नाही. आण्णांना वाटलं मी पंपाकडं कान लावून आहे. ते निम्मं खरं होतं.

मलकापुरात चहाला थांबलो. मी बॉनेट उघडून पंपाला हात लावून बघितला, तापलेला होता पण बोट ठेवता येत होतं. सांधे कोरडे. नातवानं चिरलेला पाइप खिशात घातला होता. तो त्यानं चहाच्या टेबलावर काढला आणि आमच्या पोराला ती जीभ बोटानं उघडझाप करून दाखवायला लागला. "असं फुंकलं की उघडतं. असं ओढलं की झाकतं." पोरानं खालून फोटो काढला, वरून काढला, मग मोबाइल खाली ठेवून स्वतः बोट घालून बघितलं.

हिशेब झाला. पाइप, किट, येणं-जाणं. आण्णांनी पाकीट काढलं, उघडलं, बंद केलं.

"मिस्त्री, कारखान्याचा ऱ्हायलेला हप्ता यायचाय अजून. आला की देतो."

"कधी येईल?"

"ते इथेनॉलचं पैसं मिळालं की काडतो म्हणत्यात," आण्णा म्हणाले, आणि पाकीट खिशात ठेवून नातवाला म्हणाले, "तो पाइप टाकून दे रं, हाताला वास लागंल."

त्यानं काही तो टाकला नाही.