आमची वाटचाल : ब्राउझर ओळखणारा तक्ता आणि २०१२ चा जून

सांगलीत आम्ही वेबसाइटची कामं घ्यायला लागलो तेव्हा प्रत्येक ऑफिसात इंटरनेट एक्सप्लोरर ६ होता. त्याला वेगळी स्टाइलशीट (पान कसं दिसावं ते सांगणारी फाइल) द्यावी लागे आणि ते आम्ही सर्व्हरवरच ठरवायचो. पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत गेट_ब्राउझर हे तयार फंक्शन होतं, पण त्याला ब्राउजकॅप ही ब्राउझरांच्या माहितीची भलीमोठी फाइल लागते आणि ती सर्व्हरच्या मुख्य सेटिंगमध्येच लावावी लागते. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर असताना, ते कोण करून देणार? म्हणून युजर-एजंट, म्हणजे ब्राउझर स्वतःची ओळख सांगायला पाठवतो ती ओळ, वाचणारा तक्ता आम्ही स्वतः लिहिला.

त्या तक्त्याचा मला आजही अभिमान आहे. क्रोम स्वतःच्या ओळीत सफारीचं नाव घालतो, नवा ऑपेरा क्रोमचं घालतो आणि मोझिला तर जवळजवळ सगळेच लावतात. म्हणून तक्त्यात आधी ओपीआर (नव्या ऑपेराची खूण), मग एज, मग क्रोम, सफारी शेवटी. ऑपेरा १० आला तेव्हा तो ओळीच्या सुरुवातीला ९.८० सांगायचा, कारण कित्येक साइट फक्त पहिला आकडा वाचून त्याला १ समजत होत्या. खरा आकडा ओळीच्या टोकाला असायचा. आमचा तक्ता तो बरोबर उचलायचा.

२०१२ च्या जूनमध्ये मात्र फर्म बुडायला आली होती. कॉलेजांचे प्रवेश चालू होते. खेड्यातली मुलं नोकियावर ऑपेरा मिनीतून फॉर्म बघायची, त्यांना आम्ही हलकं पान द्यायचो. होस्टिंगवाल्यांनी न सांगता मध्ये कॅश, म्हणजे पानाची प्रत साठवून तीच पुढच्यांना देणारी यंत्रणा, बसवली. आम्ही पानाबरोबर ‘व्हेरी : युजर-एजंट’ हेडर (पानासोबत जाणारी सूचना) पाठवत होतो, म्हणजे ब्राउझरप्रमाणे प्रत वेगळी ठेवा. त्यांची कॅश ते पाळतच नव्हती. साठवलेल्या प्रतीची मुदत संपल्यावर पहिला कोणी ऑपेरा मिनीवरून आला की तेच चिंचोळं पान प्राचार्यांच्या मोठ्या स्क्रीनवर. आमच्याच रस्त्यावरचा एक प्रतिस्पर्धी लगेच कॉलेजांत जाऊन बसला : “यांना ब्राउझरसुद्धा ओळखता येत नाही.” तीन कॉलेजांनी करार मोडले, बिलं अडकली. त्या महिन्याचे पगार मी मुदत ठेव मोडून दिले.

तो प्रतिस्पर्धी मिरजेलाही गेला. तिथले तानपुरे बनवणारे चाचा आमचे पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक. त्यांची साइट त्याच सर्व्हरवर होती आणि तीही बिघडली होती. मी पोचलो तेव्हा चाचा तारांखालची घोडी कानसून जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, काढत होते. मान वर न करता म्हणाले, “खोट भोपळ्यात आहे का घोडीत, ते तार छेडल्याशिवाय समजत नाही. तुम्ही छेडून दाखवा.”

मी तिथेच लॅपटॉप उघडला. कर्ल या पान मागवणाऱ्या साधनाने तेच पान दोनदा मागवलं, एकदा फायरफॉक्सच्या नावाने, एकदा ऑपेरा मिनीच्या. दोन्हीकडे तेच हलकं पान, आणि हेडरमध्ये ‘एज (वय) : २१४’, म्हणजे २१४ सेकंदांपूर्वीची साठवलेली प्रत. मग पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन काहीतरी आकडे जोडले. कॅशकडे ती प्रत नव्हती, विचारणा थेट आमच्या कोडपर्यंत गेली आणि फायरफॉक्सला योग्य पान आलं. चाचांनी पुढच्या वर्षाचे पैसे त्याच दिवशी हातात ठेवले.

होस्टिंगवाल्यांनी कॅश गुपचूप काढली. चूक त्यांची होती असं एका ओळीचं पत्र मी मागितलं होतं, ते आजतागायत आलेलं नाही. आम्ही स्वतःचा सर्व्हर घेतला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात इंटरनेट एक्सप्लोरर ११ आला. त्याने आपल्या ओळीतून ‘एमएसआयई’ ही जुनी खूण काढून टाकली, फक्त ‘ट्रायडंट’ हे त्याच्या इंजिनाचं नाव ठेवलं. त्या प्रतिस्पर्ध्याचे फॉर्म धडाधड अडकले आणि त्याच्या गिऱ्हाइकांचे फोन आम्हाला आले. आमच्या तक्त्यात ट्रायडंट आधीपासून होता.

त्यानंतर काम नीट चाललं आहे. या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलांना एवढं सांगतो : आवृत्तीची तुलना आकडा म्हणून करा. मजकूर म्हणून केलीत तर १०० हा ९९ पेक्षा लहान ठरतो, आणि मार्च २०२२ मध्ये क्रोम १०० आल्यावर हे दुखणं अनेकांना झालं. आता क्रोम युजर-एजंटमध्ये मोजकंच सांगतो. बाकीचं हवं तर सर्व्हरने ‘ॲक्सेप्ट-सीएच’ हे हेडर पाठवून मागावं लागतं, तेही एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीवरच. फायरफॉक्स आणि सफारी त्या वाटेने काही देत नाहीत, त्यामुळे जुना तक्ता फेकू नका. आणि ब्राउझरचं नाव बघून कोणाला दारातून परत पाठवू नका, साधं पान तरी द्या. ऑपेरा मिनीवरून फॉर्म भरणाऱ्या त्या मुलांकडे दुसरं काही नव्हतं.